प्रवाशाचे भाडे कोळसा किती दिवस भरणार?

२०२२ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरीस उत्तर आणि मध्य भारतात उन्हाचा तडाखा असह्य झाला होता. विजेची मागणी विक्रमी पातळीवर पोचली होती आणि अनेक औष्णिक वीज केंद्रांतील कोळशाचे साठे झपाट्याने आटत चालले होते. खाणीतून कोळसा निघत होता. पण तो केंद्रांपर्यंत पोचविण्यास लोहमार्ग मोकळे नव्हते. अखेर रेल्वे प्रशासनाने शेकडो प्रवासी गाड्यांच्या फेऱ्या रद्द केल्या आणि त्या मार्गांवरून कोळशाच्या गाड्या धावू लागल्या. छत्तीसगडसारख्या राज्यांत ऐन लग्नसराईत हजारो कुटुंबे स्थानकावर तिष्ठत राहिली. ज्यांच्या भूमीतून देशाचा कोळसा निघतो, त्यांच्याच गाड्या प्रथम रद्द झाल्या.

त्या वेळी या प्रसंगाची चर्चा एक तात्कालिक अडचण म्हणून झाली आणि पाऊस आल्यावर ती विरूनही गेली. वस्तुतः ती तात्कालिक अडचण नव्हती. प्रवासी आणि कोळसा यांच्यात निवड करण्याची पाळी एखाद्या राष्ट्रावर का यावी, हा त्यातील मूळ प्रश्न होता. वर्षाला ७०० कोटींहून अधिक प्रवासी आणि १६० कोटी टनांहून अधिक माल वाहणाऱ्या भारतीय रेल्वेच्या अर्थकारणातच या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. ते अर्थकारण समजून घेतल्याखेरीज नव्या गाड्यांचे स्वागत आणि भाडेवाढीचा निषेध या दोन्ही गोष्टी वरवरच्याच ठरतात.

हिशेब नेमका कोणाच्या नावावर?

संसदेत रेल्वेमंत्र्यांनी दिलेल्या माहितीनुसार प्रवासी वाहतुकीवर दरवर्षी सुमारे ५७ हजार कोटी रुपयांची सवलत दिली जाते. ज्या प्रवासाला रेल्वेला शंभर रुपये खर्च येतो, त्यासाठी प्रवाशाकडून सरासरी ५४ रुपये घेतले जातात. उरलेले ४६ रुपये कोठून येतात? सर्वसामान्य समज असा की, ते सरकार देते. प्रत्यक्षात त्यातील फार मोठा भाग देतो तो मालवाहतुकीचा ग्राहक. २०२४-२५ या वर्षात मालवाहतुकीतून रेल्वेला सुमारे पावणेदोन लाख कोटी रुपये मिळाले, तर प्रवाशांकडून सुमारे पाऊण लाख कोटी. मालगाडीने कमवायचे आणि प्रवासी गाडीने खर्चायचे, अशी ही अनेक दशकांची घडी आहे.

या मालात कोळसाच अग्रेसर आहे. वजनाच्या हिशेबाने रेल्वेच्या मालवाहतुकीतील जवळपास निम्मा वाटा एकट्या कोळशाचा असतो. कोळशाला रेल्वेवाचून दुसरा मार्ग नाही. शेकडो किलोमीटर अंतरावर लाखो टन कोळसा ट्रकने नेणे परवडत नाही. साहजिकच, ज्या ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही त्याच्यावर अधिक भार टाकणे सोपे जाते. हा भार वीजनिर्मितीच्या खर्चात मिसळतो आणि शेवटी वीज बिलाच्या रूपाने घरोघरी पोचतो. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर परळी, नाशिकजवळील एकलहरे, भुसावळजवळील दीपनगर ही वीज केंद्रे कोळशाच्या खाणींपासून दूर आहेत. तेथे कोळसा येतो तो रेल्वेने, आणि त्या वाहतुकीचे भाडे विजेच्या दरात उतरते. म्हणजे ज्या खेड्यात आजवर रेल्वेचा रूळ पोचलेला नाही, तेथील पिठाच्या गिरणीचा मालकही वीज बिलातून कोणाच्या तरी रेल्वे प्रवासाचा खर्च उचलत असतो. त्याला हे कोणी विचारलेले नाही, आणि सांगितलेलेही नाही.

गरीब प्रवाशाला स्वस्तात प्रवास मिळावा, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. बिहारमधून महाराष्ट्रात मजुरीसाठी येणारा तरुण, कर्जत-कसाऱ्याहून पहाटे मुंबई गाठणारा कामगार, उपचारांसाठी जिल्ह्याच्या गावी जाणारी वृद्धा यांना रेल्वे परवडलीच पाहिजे. रेल्वे ही राष्ट्राची सेवा आहे. केवळ नफ्यातोट्याचे दुकान नव्हे. परंतु सेवा राष्ट्राची असेल, तर तिचा खर्चही राष्ट्राने उघडपणे उचलला पाहिजे. आज तो कोळशाच्या पोत्यात लपविला जातो, आणि लपविलेल्या खर्चाचा एक दोष असा की, तो खरोखर गरजूपर्यंत पोचतो की नाही, हे कधी तपासलेच जात नाही. वातानुकूलित तृतीय श्रेणीचा अपवाद वगळता उच्च श्रेणींतील प्रवासही पुष्कळदा खर्च भरून काढत नाही, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून दिसून आले आहे. विमानाचे तिकीट परवडणाऱ्याचा प्रवासही वीज ग्राहकाच्या खिशातून स्वस्त व्हावा, याला सामाजिक न्याय म्हणता येणार नाही.

माल रस्त्यावर गेला, तेल परदेशातून आले

या घडीचा दुसरा परिणाम अधिक दूरगामी आहे. कोळशाला पर्याय नव्हता. पण सिमेंट, पोलाद, कापड, यंत्रसामग्री, फळे, भाजीपाला यांना होता. रेल्वेचे मालभाडे चढे, गाडी केव्हा पोचेल याची शाश्वती नाही आणि कारखान्याच्या दारापर्यंत सेवा नाही, असे म्हटल्यावर व्यापाऱ्याने ट्रक धरला. १९५०-५१ साली देशातील मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा ८० टक्क्यांहून अधिक होता. तो घसरत घसरत तिसऱ्या हिश्श्याच्याही खाली आला. २०२० साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय रेल्वे योजनेने हा वाटा २०३० पर्यंत ४५ टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले, यावरूनच हानीची कल्पना यावी.

पोलादी रुळावर पोलादी चाक फिरते तेव्हा घर्षण अत्यल्प असते. म्हणूनच एक टन माल एक किलोमीटर नेण्यास रेल्वेला रस्त्याच्या तुलनेत कितीतरी कमी ऊर्जा पुरते. ट्रक डिझेलवर चालतो, आणि भारताला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करावे लागते. पश्चिम आशियात तोफा धडाडल्या की मुंबईच्या बाजारात भाजी महागते, ती या परावलंबनामुळे. तेव्हा मालगाडीतून ट्रकवर गेलेला प्रत्येक टन हा रेल्वेच्या तोट्यापुरता विषय राहत नाही. ते राष्ट्राच्या तिजोरीतून बाहेर जाणारे परकीय चलन असते आणि राष्ट्राच्या स्वातंत्र्यावर पडणारी एक गाठही.

कोकण रेल्वेने याबाबतीत एक धडा घालून दिलेला आहे. रोहा ते ठोकूर हा ७४१ किलोमीटरचा मार्ग १९९८ साली पूर्ण झाला आणि पुढच्याच वर्षी कोलाड ते वेर्णा या टप्प्यात मालाने भरलेले ट्रकच्या ट्रक रेल्वेच्या उघड्या वाघिणींवर चढवून नेण्याची सेवा सुरू झाली. घाटांतील वळणे, पावसाळ्यातील अपघात आणि डिझेल या तिन्हींची बचत करणारी ही साधी युक्ती होती. २०२२ साली हा संपूर्ण मार्ग विजेवर आला, तेव्हा त्या बचतीला स्वदेशी ऊर्जेचीही जोड मिळाली. रेल्वे आणि ट्रक हे शत्रू नव्हेत. लांबचा पल्ला रेल्वेने आणि दारापर्यंतचा शेवटचा टप्पा ट्रकने, ही विभागणी शक्य आहे, हे कोकणच्या डोंगरदऱ्यांनी दाखवून दिले.

रूळ विजेचे झाले; पुढे काय?

गेल्या दशकात रेल्वेच्या विद्युतीकरणाचे जे काम झाले, ते निःसंशय अभिमानास्पद आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातील पहिली विजेची गाडी धावली. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत जेवढे अंतर विजेखाली आले, त्याच्या दुपटीहून अधिक भर पुढच्या अवघ्या दहा-अकरा वर्षांत पडली आणि रुंदमापी मार्गांचे विद्युतीकरण जवळजवळ पूर्णत्वास गेले. लुधियाना ते सोननगर हा १३३७ किलोमीटरचा पूर्वेकडील आणि दादरी ते जवाहरलाल नेहरू बंदर हा १५०६ किलोमीटरचा पश्चिमेकडील, असे दोन स्वतंत्र मालवाहतूक मार्ग हाती घेण्यात आले. पूर्वेकडील मार्ग २०२३ मध्ये पूर्ण झाला. पश्चिमेकडील मार्गाचा वैतरणा ते बंदर हा महाराष्ट्रातील टप्पा मात्र सर्वांत मागे राहिला.

स्वतंत्र मार्गांचे महत्त्व समजण्यासाठी रेल्वेच्या नकाशाकडे पाहावे. दिल्ली, मुंबई, चेन्नई आणि कोलकाता यांना जोडणारा चौकोन व त्याचे कर्ण हा एकूण मार्गाच्या जेमतेम सहावा हिस्सा आहे. पण देशातील निम्म्याहून अधिक प्रवासी आणि माल याच रुळांवरून जातो. एकाच रुळावर जलद गाडी, पॅसेंजर आणि मालगाडी धावतात, तेव्हा मालगाडीला बाजूच्या मार्गावर तासन्‌तास उभे केले जाते. परिणामी तिचा सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या आसपास घुटमळत राहिला. चीनने दातोंगच्या खाणींपासून चिन्हुआंगदाओ बंदरापर्यंत सुमारे ६५० किलोमीटरचा मार्ग मुख्यतः कोळशासाठी बांधला आणि एकट्या त्या मार्गावरून वर्षाला ४० कोटी टनांपर्यंत वाहतूक केली. अमेरिकेत उलट चित्र दिसते. तेथे बहुतेक रूळ खासगी मालवाहू कंपन्यांच्या मालकीचे. १९७१ मध्ये स्थापन झालेल्या ॲमट्रॅक या प्रवासी संस्थेच्या गाड्या त्यांच्या मालगाड्यांमागे खोळंबतात. मालवाहतूक भरभराटीस आली, प्रवासी मात्र उपेक्षित राहिला. भारताला या दोन्हींपैकी कोणाचीही नक्कल करण्याचे कारण नाही. परंतु एकाला जगविण्यासाठी दुसऱ्याचा गळा आवळण्याची पाळी येऊ द्यायची नसेल, तर रूळही वेगळे हवेत आणि हिशेबही वेगळे हवेत. रूळ वेगळे होऊ लागले आहेत. हिशेब अजून एकत्रच आहेत.

कोळसा ओसरेल तेव्हा

या विषयाची निकड येथे स्पष्ट होते. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनाव्यतिरिक्त अन्य स्रोतांची झाली. २०३० पर्यंत अशी ५०० गिगावॅट क्षमता उभारण्याचे आणि २०७० पर्यंत कर्बउत्सर्जन निव्वळ शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट भारताने जगासमोर जाहीर केलेले आहे. प्रत्यक्ष वीजनिर्मितीत आजही कोळशाचाच वरचष्मा आहे आणि पुढील काही वर्षे तो राहील. पण दिशा ठरलेली आहे. सूर्यकिरणांना वाघिणी लागत नाहीत आणि वाऱ्याला मालभाडे नसते. राजस्थानच्या वाळवंटात तयार झालेली वीज तारेने येईल, रेल्वेने नव्हे. शिवाय नवी औष्णिक केंद्रे खाणीच्या तोंडाशीच उभारली गेली, तरी रेल्वेचे लांब पल्ल्याचे उत्पन्न घटणारच.

त्या दिवशी प्रवाशाचे ४६ रुपये कोण देणार? रेल्वेला मिळणाऱ्या दर शंभर रुपयांपैकी सुमारे अठ्ठ्याण्णव रुपये आजच चालू खर्चात जातात. हाताशी शिल्लक नाही आणि मुख्य अन्नदाता मात्र हळूहळू उठून जाणार आहे. तेव्हा एक तर प्रवासी भाडी एकदम कडाडतील, नाही तर रूळ, पूल आणि सिग्नल यांच्या देखभालीवरील खर्चाला कात्री लागेल. दुसऱ्या मार्गाचे परिणाम देशाने भोगलेले आहेत. डॉ. अनिल काकोडकर समितीने २०१२ मध्ये सुरक्षिततेसाठी पाच वर्षांत सुमारे एक लाख कोटी रुपयांची गरज सांगितली होती. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५ हजार माणसे मृत्युमुखी पडतात आणि त्यांतील सुमारे सहा हजार एकट्या मुंबई उपनगरी मार्गावर, हे भीषण वास्तवही त्या अहवालाने मांडले होते. २९ सप्टेंबर २०१७ रोजी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पुलावर २३ जणांचे प्राण गेले. तो पूल बदलण्याची गरज कोणाला माहीत नव्हती असे नाही. स्वस्त तिकिटाची किंमत काही वेळा अशीही वसूल होते.

जुन्या पिढीने विचारलेला प्रश्न

रेल्वेचा खर्च कोण करतो आणि लाभ कोणाला होतो, हा प्रश्न या भूमीत नवा नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली प्रवासी गाडी धावली, तेव्हा ते लोहमार्ग बांधणाऱ्या इंग्रज कंपन्यांना पाच टक्के व्याजाची हमी होती. कंपनीने कितीही उधळपट्टी केली तरी तूट भारतीय रयतेच्या महसुलातून भरून निघे. दादाभाई नौरोजींनी या व्यवस्थेवर बोट ठेवले. पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या परंपरेतील गणेश व्यंकटेश जोशी यांनी आकडेवारीनिशी तिची चिरफाड केली. रेल्वे नको, असे या धुरिणांचे म्हणणे नव्हते. ज्याच्या पैशातून रेल्वे उभी राहते, त्याला हिशेब मिळाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

१९२४ साली रेल्वेचा अर्थसंकल्प सामान्य अर्थसंकल्पापासून वेगळा करण्यात आला. बिबेक देबरॉय यांच्या शिफारशींनंतर २०१७ मध्ये तो पुन्हा एकत्र आला. वेगळ्या अर्थसंकल्पाच्या काळात दरवर्षी नव्या गाड्यांची खैरात होई आणि भाडेवाढ करणाऱ्या मंत्र्याला पद सोडावे लागे. २०१२ मध्ये तसे घडलेही. एकत्रीकरणाने तो तमाशा संपला आणि भांडवली गुंतवणूक कैक पटींनी वाढली. मात्र चालू खर्चातील ही लपलेली उचल तशीच राहिली. अर्धे काम झाले आहे. उरलेले अर्धे अधिक कठीण आहे.

करावे काय?

पहिली गोष्ट, प्रवासी सेवेचा खर्च मार्गनिहाय आणि वर्गनिहाय मांडून संसदेपुढे ठेवावा. सर्वसाधारण डबे, उपनगरी सेवा आणि दुर्गम भागांतील गाड्या यांना राष्ट्रीय सेवा म्हणून मान्यता द्यावी आणि त्यांच्यासाठी सामान्य अर्थसंकल्पातून रेल्वेला थेट मोबदला द्यावा. युरोपातील देशांत शासन आणि रेल्वे यांच्यात असे सेवा करार होतात. किती गाड्या, किती वक्तशीरपणा आणि त्याबद्दल किती रक्कम, हे त्यांत लिहिलेले असते. उच्च श्रेणींनी मात्र आपला खर्च आपणच भरावा.

दुसरी गोष्ट, राज्यांनाही यात वाटा आणि अधिकार असावा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेसाठी १९९९ मध्ये केंद्र आणि राज्य यांच्या भागीदारीतून महामंडळ स्थापन झाले. अहिल्यानगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाचा निम्मा खर्च महाराष्ट्राने उचलला आणि अनेक दशकांच्या प्रतीक्षेनंतर सप्टेंबर २०२५ मध्ये बीडला रेल्वे पोचली. बीडच्या ऊसतोड मजुराला ही गाडी हवीच आहे. पण सुरुवातीची वर्षे ती तोट्यात चालली, तर तो तोटा कोणी सोसायचा, याचे उत्तर आजच ठरले पाहिजे. अन्यथा वाजतगाजत आलेली गाडी काही वर्षांनी निमूटपणे कमी होते.

तिसरी गोष्ट, प्रवासी सेवेचा भार जसजसा उतरेल तसतसे मालभाडे कमी करून रस्त्यावर गेलेला माल परत आणावा. ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळाली ते दानापूर अशी पहिली किसान रेल निघाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून फळे-भाजीपाल्याच्या भाड्यातील निम्मी रक्कम अन्नप्रक्रिया मंत्रालयाने रेल्वेला देण्याची व्यवस्था करण्यात आली होती. सवलत कोणाला, किती आणि कोणाच्या खात्यातून, हे तेथे स्पष्ट होते. नाशिकच्या शेतकऱ्याला जे उघडपणे देता आले, ते सर्वसाधारण डब्यातील मजुराला का देता येऊ नये?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सवलत उघड झाली की अर्थखात्याची कात्री प्रथम तिच्यावरच चालेल. लपलेली आहे म्हणूनच ती टिकली आहे, असे अनेक अनुभवी प्रशासक मानतात. ही भीती खरी आहे. म्हणूनच सेवा करार पाच वर्षांसाठी आणि कायद्याच्या आधाराने व्हावेत. पण अंधारात ठेवून गरिबाचे रक्षण होते, हा समज २०२२ च्या उन्हाळ्याने खोटा ठरविला. त्या वेळी सर्वसामान्यांची पॅसेंजर रद्द करायला संसदेची मंजुरी लागली नाही. एक परिपत्रक पुरले. जी सेवा कागदावर कोणाचाच हक्क नाही, तिचा बळी सर्वांत आधी जातो.

फलाटावर नवी कोरी गाडी उभी राहिली की मन सुखावते, आणि ते सुखावलेही पाहिजे. परंतु राष्ट्राच्या रेल्वेची कसोटी तेवढ्यावर लागत नाही. शेवटच्या डब्यात दाराशी लोंबकळणाऱ्या माणसाला बसायला जागा मिळते का, आणि ती जागा पुढील पिढीलाही मिळेल एवढा पक्का तिचा हिशेब आहे का, या दोन प्रश्नांवर ती लागते. कोळशाने आजवर प्रवाशाला साथ दिली. तो थकण्यापूर्वी हा भार राष्ट्राने स्वतःच्या खांद्यावर घ्यावा, यातच शहाणपण आहे.